सोबतीचा नियम

"जो माणूस तुझं बोलणं फार मन लावून ऐकतो ना, त्याला ते कुठेतरी नेऊन ओतायचं असतं," थोरली बहीण तिला म्हणाली होती. पालेभाजी निवडत, मान वर न करता. "बोलणारा परवडला. ऐकणाऱ्यापासून जपून राहा."

ती तेव्हा हसली होती. "भावजी तुझं ऐकत नाहीत, म्हणून तुझं हे तत्त्वज्ञान."

"हस. दात छान आहेत तुझे. अकलेचं बघू पुढे," ताई म्हणाली आणि देठं गोळा करून उठली.

पुढच्याच सोमवारी ती नौदलाच्या वसाहतीच्या फाटकाशी उभी होती आणि पहारेकरी तिच्या पिशवीतून एकेक वस्तू बाहेर काढत होता. पेन. रुमाल. अर्धं बिस्किट. मग त्याने दोन बोटांत धरून एक चिमुकला लाल बूट वर केला.

"हे काय?"

"बूट."

"एकच?"

सकाळी पाळणाघराच्या दारात लेकीने पाय झाडला होता, बस सुटत होती, आणि बूट कधी पिशवीत पडला ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"दुसरा पायात असेल," मागून कोणीतरी म्हणालं. "आणि पायाची मालकीण आत्ता कुठेतरी भोकाड पसरून बसली असेल."

तिने वळून पाहिलं. पांढराशुभ्र गणवेश, उन्हाने रापलेला चेहरा, आणि हसू… ओठांवर नाही, नुसतं डोळ्यांच्या कडांना.

"मी तुमचा सोबती," तो म्हणाला.

"कोण?"

"सोबती. बाहेरच्या माणसाने आत एकट्याने फिरायचं नाही, असा नियम आहे. प्रत्येक पाहुण्याला एक सोबती मिळतो. तुमच्या वाट्याला मी आलोय. तक्रार असेल तर त्या खिडकीत करायची."

खिडकीतला माणूस खो खो हसला. "काय बोलतोयस रे भोंगा आज!"

त्याला सगळे भोंगा म्हणत. का, तर तो फारसा बोलत नसे म्हणून.

ती शहराच्या संग्रहालयात काम करायची. समुद्रात जिभेसारखी घुसलेली ती जमीन तारेच्या कुंपणाआड गेली, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. आता तिथल्या जुन्या चाळी पाडून उंच इमारती उठणार होत्या. त्याआधी तिथे पूर्वी काय होतं ते कोणीतरी पाहून, विचारून, लिहून ठेवायला हवं होतं. ते काम तिच्याकडे आलं, आणि खूप खेटे घातल्यावर आत जायचा पास मिळाला.

पास हातात पडला तेव्हा तिला आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली. आनंदाच्या पाठोपाठ भीती यायची तिला सवयच लागली होती. लग्न मोडलं होतं. मुलीचा ताबा तिच्याकडे आला होता, पण आता आधीच्या नवऱ्याने नव्याने अर्ज केला होता: आई दिवसभर घराबाहेर असते, कुठे जाते, कोणाबरोबर असते याचा पत्ता नसतो, मुलगी पाळणाघरात वाढतेय. वकीलबाईंनी बजावलं होतं, "निकाल लागेपर्यंत पाऊल फुंकून टाका. तुमच्याबद्दलची बारीकसारीक गोष्टही तिकडे पोचता कामा नये."

आणि इथे नियमानेच एक माणूस तिच्या मागे फिरणार होता.

पहिले काही दिवस तिने त्याला हवामानापलीकडे काही सांगितलं नाही. पण त्याचं ऐकणं… ते मात्र खरंच वेगळं होतं. मान किंचित कलती करून, डोळे तिच्या चेहऱ्यावर ठेवून, जणू ती बोलायची थांबली तर काहीतरी मोलाचं सांडेल. आणि एक खोड होती त्याची. चालताना ती त्याच्या डावीकडे आली की तो मागून वळसा घालून तिला उजवीकडे घ्यायचा. दर वेळी. न चुकता. तिने मनात टिपून ठेवलं. हा मला धक्क्यावरची जहाजं दिसू नयेत म्हणून आड येतो का? की आणखी कशासाठी?

वसाहतीच्या मधोमध एक लांबलचक रस्ता होता, फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ. एके दिवशी तिने त्याला विचारलं, "हा रस्ता एवढा सरळ का, माहितीये?"

"कवायतीसाठी."

"छे. तुमच्या आधीचा आहे तो. इथे दोर वळणारे राहायचे. जहाजाचा दोर वळायचा तर तेवढी लांब मोकळी जागा लागते. काथ्या कमरेला बांधायचा आणि वळत वळत मागे जायचं. अख्खा दिवस उलटं चालायचं."

तो थांबला. रस्त्याकडे असा बघत राहिला, की जणू रस्त्याने त्याच्यापासून काही लपवलं होतं. "इतकी वर्षं मी इथे पाय आपटतोय, आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"नाही," तो म्हणाला. मग हात कमरेशी धरून, तिच्याकडे तोंड करून, खरंच उलटा चालू लागला. "असं?"

"हळू. आणि नजर समोर ठेवायची, दोरावर."

"समोर तुम्ही आहात."

"मग… मग दोर समजा."

त्याने समजलं की नाही कोण जाणे. नजर मात्र ढळू दिली नाही, आणि कोणाच्यातरी वाळत घातलेल्या ओल्या चादरीत पाठमोरा जाऊन गुरफटला. चादरीच्या मालकिणीने खिडकीतून त्याचा उद्धार केला. इकडे रस्त्यावर ती इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी आपण असं हसलो, हे तिच्या लक्षात आलं, आणि लगेच तिने इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघितलं तर नाही ना?

बघितलं होतं. पलीकडच्या चाळीच्या जिन्यात, रंगाच्या डब्यांशेजारी, तिचा धाकटा दीर उभा होता.

त्या चाळी म्हणजे मुळात कोळशाची कोठारं. आगबोटींचा कोळसा तिथे साठवायचे. पुढे भिंती घालून, खिडक्या फोडून त्यांची घरं केली. पण कोळसा भिंतीत मुरला होता. रंग कितीही द्या, ओल आली की काळे डाग वर. वरच्या मजल्यावरची बाई म्हणायची खालच्या बाईच्या चुलीचा धूर, खालची म्हणायची वरचीच्या मोरीचं पाणी. दोघी वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या. आणि दर वर्षी रंगकामाचा ठेका निघायचा. तो ठेका या दिराकडे होता.

"वहिनी," तो गोड हसत म्हणाला. "म्हणजे… आता काय म्हणायचं तुम्हाला, तेच कळत नाही. मजेत दिसताय."

"कामावर आहे," ती म्हणाली.

"दिसतंय की काम," दीर म्हणाला, आणि भोंग्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून पुन्हा रंग ढवळू लागला.

त्यानंतर तिची झोप उडाली.

त्याच आठवड्यात लेकीला, मुंगी म्हणायचे तिला घरात, ताप आला. पाळणाघरातून फोन आला तेव्हा ती वसाहतीतल्या जुन्या विहिरीपाशी होती. भोंग्याला तिने एवढंच सांगितलं, "मुलीला ताप आहे, मी निघते," आणि पळाली. दोन दिवसांनी परत आली, तर फाटकावरच्या कार्यालयातले साहेब चहाच्या कपावरून म्हणाले, "काय, मुलीचा ताप उतरला का?"

तिने मान डोलावली आणि आत चालू लागली. सरळ रस्त्यावर आल्यावर मात्र गर्रकन भोंग्याकडे वळली.

"साहेबांना तापाचं कोणी सांगितलं?"

"मी," तो म्हणाला.

निदान खोटं तरी बोलला नाही. तिला त्याचाच जास्त राग आला. "का?"

"रोज संध्याकाळी सांगावं लागतं. पाहुणा कुठे गेला, काय विचारलं, कधी निघाला, का निघाला. सगळ्याच सोबत्यांना सांगावं लागतं."

"म्हणजे तुम्ही रोज माझं… सगळं…"

"कामापुरतं."

"माझ्या मुलीचा ताप कामाचा होता?"

ती दोन पावलं पुढे जाऊन थांबली. "आणि हे सारखं बाजू बदलणं? त्याचाही नियम आहे?"

"नाही. ते…" त्याने डाव्या कानाला बोट लावलं. "हा गेलाय. इंजिनाच्या खोलीत होतो. म्हणून जहाजावरून उतरवून इथे लावलं. तुम्ही या बाजूला आलात की तुमचं अर्धं बोलणं मला कळत नाही." थोडं थांबून म्हणाला, "अर्धं चुकवायची माझी तयारी नसते."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर ती विरघळली असती. तिने फक्त पर्स घट्ट धरली. गोड आहे, पटण्यासारखंही आहे. पण खोटं कधी बेचव असतं का?

मग तिने जे केलं, ते कोणतीही घाबरलेली आई करील. तिने एक पुडी सोडली. दुसऱ्या दिवशी, अगदी सहज, कोठाराची भिंत पाहता पाहता ती त्याला म्हणाली, "परदेशात एक नोकरी मिळतेय. मुंगीला घेऊन जायचा विचार आहे. अजून कोणाला बोलले नाही." आणि हे ती खरोखरच कोणालाही बोलली नव्हती. ताईलासुद्धा नाही.

तो ऐकून नेहमीसारखा मान कलती करून उभा राहिला. मग हलकेच म्हणाला, "लवकर?"

"बघू."

"चांगलं आहे," तो म्हणाला. पुढचा सगळा वेळ तो एक शब्द बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी, ती मुंगीला भात भरवत असताना, आधीच्या नवऱ्याचा फोन आला. "कुठे पळवून न्यायचा बेत आहे माझ्या मुलीला? कोर्टात बघतोच."

घास तिच्या हातातच राहिला. मुंगीने आ वासून वाट पाहिली आणि शेवटी आईच्या मनगटालाच तोंड लावून तो खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी गेली ती भांडायला नाही, तर शेवटचं सांगायला. "झालं तुमचं काम," ती त्याला म्हणाली. "किती छान ऐकता तुम्ही. परदेशाची गोष्ट खोटी होती. फक्त तुम्हाला सांगितली होती. ती माझ्या आधीच्या नवऱ्याच्या कानावर गेली. आता माझी मुलगी माझ्याकडे राहील की नाही, कोणास ठाऊक."

त्याच्या चेहऱ्यावरचा रापलेला रंगच उतरला. "मी फक्त साहेबांना…" तो थांबला. "साहेबांच्या खोलीत संध्याकाळी चहा असतो. तो रंगवाला तिथे रोज बसलेला असतो. त्या दिवशी तुम्हाला वहिनी म्हणाला तो. खरंच कोण तुमचा?"

"दीर."

त्याने जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "खोटी होती ती गोष्ट?"

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून कार्यालयाकडे चालू लागला. त्या 'बरं'मध्ये काय होतं, ते तिला पुढचे कितीतरी दिवस कळलं नाही.

पुढच्या खेपेला फाटकाशी दुसरीच सोबतीण उभी होती. वसाहतीच्या दवाखान्यातली मेट्रनबाई, चांगली भरभक्कम, काखेत छत्री.

"ते कुठे आहेत?" तिने विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून आली होती.

"तो आता तुझा सोबती नाही. त्यानेच वर सांगितलं, मला काढा म्हणून."

पळाला, तिच्या मनात आलं. पकडला गेला आणि पळाला.

विहिरीपाशी मेट्रनबाई दगडावर बसल्या. "इतिहास लिहितेस ना? मग हा सोबतीचा नियम कुठून आला, ते लिहिलंस का?"

"सुरक्षेसाठी…"

"डोंबल. कुंपण घातलं तेव्हा इथली माणसं खाडीपलीकडे नेऊन टाकली. तिकडे गोडं पाणी नाही. विहीर राहिली इकडे. मग बायका घागरी घेऊन यायच्या, आणि त्यांच्या प्रत्येक घोळक्याबरोबर एक खलाशी द्यायचे. तो सोबती. आमची आजी सांगायची, रिकाम्या घागरीने जाताना पोरी झपाझप चालायच्या आणि भरल्या घागरीने येताना रेंगाळायच्या. डोक्यावर ओझं असताना रेंगाळायचं, म्हणजे बघ. इतकी लग्नं लागली, इतकी लागली, की वरिष्ठांनी डोक्याला हात लावला आणि नियम केला. सोबत्याचं पाहुणीवर मन जडलं, तर त्याने आपण होऊन साहेबाला सांगायचं आणि सोबत सोडायची. नियमात 'मन जडलं' म्हणत नाहीत. 'वैयक्तिक हितसंबंध' म्हणतात."

तिला अर्थ लागायला जरा वेळ लागला. "म्हणजे… त्यांनी…"

"आता मी काय सांगू, बाई. अख्ख्या वसाहतीला माहितीये. खिडकीतल्याला माहितीये, चादरवालीला माहितीये. वरची आणि खालची, इतकी वर्षं बोलत नव्हत्या, त्या काल यावरच जिन्यात बोलत उभ्या होत्या. मला वाटलं, तुला तरी ठाऊक असेल."

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. रागाने, असं तिने स्वतःला सांगितलं.

काम आटोपून ती बाहेर आली, तर बसथांब्यावर तो. साधा शर्ट, तोही एका बाजूने चुरगळलेला. गणवेशाशिवाय तो जरा कमी उंच वाटला, आणि जास्त घाबरलेला.

"आत तुमच्याशी बोलायची आता परवानगी नाही," तो म्हणाला.

"आणि बाहेर?"

"बाहेर नियम नाही. तुमची मर्जी."

"मला सोडून सगळ्या जगाला सांगितलंत तुम्ही."

"आधी वर सांगायचं असतं."

"वर म्हणजे कुठे? देवाला?"

"साहेबांना. त्यांच्यापेक्षा देव परवडला."

हसू आलं होतं, ते तिने ओठात चावून धरलं. "काय सांगितलंत ते मलाही सांगा. शब्दाला शब्द."

तो सावधान उभा राहिला. खरंच, टाचा जुळवून. "'पाहुणीबाबत माझे वैयक्तिक हितसंबंध निर्माण झाले आहेत. मी निष्पक्षपणे सोबत करू शकत नाही.'"

"एवढंच?"

"साहेबांनी विचारलं, कधीपासून. म्हटलं, तारीख नाही सांगता येणार. उलटं चालताना कधीतरी." त्याने तिच्याकडे पाहिलं. "परदेशात जाणार म्हणालात तेव्हा नक्की कळलं. आणि ते साहेबांना सांगताना जीभ जड झाली. तेव्हाच सोबत सोडायला हवी होती. दोन दिवस उशीर केला मी, आणि त्यात तुमचं नुकसान झालं."

बस आली. तिने जाऊ दिली.

"आणखी एक," तो म्हणाला. "साहेबांच्या खोलीत बाहेरचा माणूस बसतो आणि आतलं बाहेर जातं, हे मोठ्या साहेबांना सांगून आलोय. कोर्टात सांगायचं असेल तर तिथेही सांगेन. तुमच्या वकीलबाईंना कळवा."

"त्याने तुमचं काय होईल?"

"बदली. एक बेट आहे, तिथे टाकतील."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कुठे एखादी फट दिसते का, शोधत. "हे सगळं मी खरं कशावरून मानू?"

"मानू नका. चौकशी करा, तुम्हाला छान जमतं ते." आता मात्र हसू ओठांपर्यंत आलं. "फक्त जरा सावकाश करा. पुष्कळ दिवस चालू द्या."

"विचार करून सांगते," ती म्हणाली. पुढच्या बसमध्ये चढली. खिडकीतून वळून बघितलं नाही. काचेत मात्र बघितलं.

तिने चौकशी केली. मेट्रनबाईंना विचारलं, खिडकीतल्याला विचारलं, त्याच्या जुन्या जहाजावरच्या एका स्वयंपाक्यालाही गाठून विचारलं. कुठेच काही निघालं नाही. आणि कोर्टात, ठरल्या दिवशी, तो गणवेशात येऊन उभा राहिला आणि काहीही न सोडता सगळं सांगून गेला. आपली चूकसुद्धा. दिराची मान खाली गेली. न्यायाधीशबाईंनी वडिलांच्या वकिलाला विचारलं, आई लक्ष देत नाही म्हणता, आणि पाळत तुम्ही ठेवता, हे कसं? मुंगी आईकडेच राहिली. निकाल ऐकून ती बाहेर धावली, त्याला सांगायला. तो निघून गेला होता. बोट त्याच दुपारची होती.

ही शिक्षा नाही, साधी बदली आहे, असं सगळे म्हणतात. म्हणताना एकमेकांकडे बघतात.

आता तिचा विचार करून झालाय. पण सांगायचं कसं? तिकडे फोन एकच, तोही कार्यालयात. चार जण ऐकत उभे असतात. पत्र कोणीतरी आधी उघडून वाचतं. भेटीचा पास मागितला, तर विचारतात, तुमचं नातं काय? तिथेच घोडं अडतं. गेले काही दिवस त्याची खुशालीही आलेली नाही. समुद्र खवळलाय म्हणतात. ती मान डोलावते, आणि मुंगीची वेणी घालताना तिचा हात मध्येच थांबतो.

तुमच्यापैकी कोणाचा भाऊ, नवरा, मुलगा त्या बेटावर असेल. तुम्हाला भेटीला आत सोडत असतील. तर गेलात की त्याच्याकडेही एकदा डोकावून या. भोंगा कोण म्हणून विचारलंत तरी कोणीही दाखवील. जेवतो ना, अंग धरून आहे ना, तेवढं बघा. तिने पाठवलंय असं आपण होऊन सांगू नका. पण त्याने विचारलं, आणि तो विचारेलच, तर सांगा, ती हो म्हणालीय. चारचौघांत सांगितलंत तरी चालेल.